छायाचित्रांची नावनिशी

वाचकहो, आपल्या शाळेच्या कपाटात एखादा जुना ग्रुप फोटो असेल, तर तो काढून पाहा. खाली पुठ्ठ्यावर 'डावीकडून, बसलेले' अशी नावे असली, तर तो गावच्या इतिहासाचा पुरावा. नावे नसली, तर ती नुसती अनोळखी चेहऱ्यांची रांग!

कागदांचेही असेच होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात छापून निघाले. जुन्या मराठी पत्रांत मोठी अडचण असे ती वर्षाची. पुष्कळ पत्रांवर महिना असे, तिथी असे, पण वर्ष नसे. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. मग लिहायचे कशाला? ते वर्ष ठरवता ठरवता पुढे संशोधकांच्या नाकी नऊ आले.

आता आजच्या फोटोंकडे वळू. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे १९९५ साली जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने 'एक्झिफ' हा नियम केला. त्यामुळे फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या फाइलमध्येच नोंदली जाऊ लागली. १९९८ साली फाइलच्या नावाचाही नियम ठरला : नाव आठच अक्षरांचे, पहिली चार कंपनीने ठरवायची, पुढचे चार आकडे. म्हणजे ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो आला की पुन्हा ०००१! एकाच नावाचे दोन फोटो एका ठिकाणी ठेवू गेलात, तर एकावर दुसरा चढून पहिला नाहीसा होण्याची भीती.

मौज पाहा. जुन्या पत्रात माणसांची नावे आहेत, वर्ष नाही. नव्या फोटोत वर्ष आहे, माणसाचे नाव नाही.

यावर उपाय आहे. १९९६ सालचा 'इरफानव्ह्यू', २००१ साली सुरू झालेला 'डिजीकॅम' असे प्रोग्राम एक्झिफमधली तारीख वाचून शेकडो फोटोंना एकदम नवे नाव देतात. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा. म्हणजे फोटो आपोआप क्रमाने लागतात. त्यापुढे प्रसंग आणि अनुक्रमांक : '२०२४-०१-२६-ध्वजवंदन-००१'. मात्र आधी एक प्रत निराळी काढून ठेवा, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते ना, तेही तपासा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात, तर आतली तारीख गळून जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

तारीख यंत्र लावील. पण डोक्यावर पदर घेतलेली ही आजी कोण, हे यंत्राला कोण सांगणार? ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच माहीत. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एक काम द्या. घरातले दहा फोटो घ्यायचे, आजोबांजवळ बसायचे, आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यायची. हे काम आजच झाले पाहिजे. फोटो उद्याही राहतील. नावे सांगणारा राहीलच असे नाही.