रास, दजाझमाच, फितावरारी: इथिओपियाच्या पदव्यांमधली छावणी

या भागात आपण जाणार आहोत इथिओपियाला. विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, एका राजघराण्याच्या पदव्या आणि मानचिन्हं. पण शेवटपर्यंत थांबा, कारण या पदव्यांच्या मागे माणसं आहेत आणि त्यातल्या काहींनी त्यांची किंमत जिवाने मोजली आहे.

सुरुवात तुम्हाला माहीत असलेल्या एका शब्दापासून करू. बॉब मार्लेचं चित्र असलेले टी-शर्ट आपल्याकडे कॉलेजात सर्रास दिसतात. जटा, लाल-पिवळा-हिरवा रंग, आणि 'रास्ता' हा शब्द. हा शब्द जमैकातल्या 'रास्ताफारी' पंथातून आला. आणि 'रास्ताफारी' म्हणजे काय? 'रास' ही पदवी अधिक 'तफारी' हे एका माणसाचं नाव. आपल्याकडे 'सरदार अमुक' म्हणावं तसं. हा रास तफारी म्हणजेच पुढे सम्राट झालेला हाइले सेलासी. गंमत अशी, की 1928 मध्ये त्याला 'नगूस', म्हणजे राजा, ही पदवी मिळाली आणि तो 'रास' राहिलाच नाही. म्हणजे एका माणसाने मागे टाकलेलं पद जगभर एका पंथाचं नाव होऊन बसलं.

आता ही पदांची उतरंड समजून घेऊ. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे कुठलीही यादी दिसली की आधी तिच्यामागचं स्ट्रक्चर शोधायची सवय आहे. इथे ते फार सुंदर सापडतं.

सर्वात वर 'नगुसा नगस्त', राजांचा राजा. त्याखाली 'नगूस', राजा. मग 'रास', शब्दशः अर्थ डोकं. त्याखाली 'दजाझमाच', दाराचा सेनापती. मग 'फितावरारी', आघाडीचा सेनापती. 'कन्याझमाच' म्हणजे उजव्या बाजूचा, 'ग्राझमाच' म्हणजे डाव्या बाजूचा. आणि 'बालाम्बारास' म्हणजे डोंगरी किल्ल्याचा अधिकारी.

दार, आघाडी, उजवी, डावी. ही नुसती पदांची यादी नाही, हा छावणीचा नकाशा आहे! 1630 च्या दशकात सम्राट फासिलिदसने गोंदर शहर वसवेपर्यंत इथिओपियाच्या सम्राटांना बराच काळ कायमची राजधानीच नव्हती. दरबार म्हणजे तंबूंचं फिरतं शहर. मध्ये सम्राटाचा तंबू, आणि प्रत्येक माणसाची जागा ठरलेली. राजधानी स्थिर झाली, तंबू गेले, पण नकाशा पदव्यांमध्ये टिकून राहिला. विसाव्या शतकात ऑफिसात खुर्चीवर बसणारा माणूसही 'डाव्या बाजूचा सेनापती' म्हणवला जायचा.

मुलकी पदंही अशीच बोलकी आहेत. सर्वोच्च न्यायाधीश म्हणजे 'अफे नगूस', राजाचं तोंड. राजाज्ञा लिहिणारा मंत्री म्हणजे 'त्सहाफे तेझाझ', आज्ञेचा लेखक. आणि माझं आवडतं पद 'लिके मक्वास'. लढाईत हा माणूस सम्राटासारखाच पोशाख करायचा, म्हणजे शत्रूला खरा सम्राट कळू नये. विचार करा, तुमचं पदच असं की मालकासाठी आलेली गोळी तुम्हाला लागावी.

मोठ्या माणसांना त्यांच्या घोड्याच्या नावावरूनही ओळखत. सम्राट तेवोद्रोस 'अब्बा ताताक', मेनेलिक 'अब्बा दान्यू', हाइले सेलासी 'अब्बा तकेल'. म्हणजे 'अमुक घोड्याचा बाप'.

आता मुख्य मुद्दा. युरोपात ड्यूकचा मुलगा ड्यूक होतो. इथिओपियात राजघराण्याशी रक्ताचं नातं असलेले 'मसाफिंत' वेगळे आणि पद मिळवलेले 'मक्वानिंत' वेगळे. मक्वानिंतांची पदवी साधारणपणे वंशपरंपरागत नसे. रासचा मुलगा जन्मतः फक्त 'लिज', म्हणजे लेकरू. पुढचं सगळं सम्राटाने दिलं तर. पदासोबत 'गुल्त' मिळायचा, म्हणजे एखाद्या भागातून सारा घेण्याचा हक्क. त्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्याचा वहिवाटीचा हक्क वेगळा, तो 'रिस्त', आणि तो वंशपरंपरागत. थोडक्यात, शेतकऱ्याचा हक्क पिढ्यानपिढ्या चालायचा, पण त्याच्या डोक्यावर बसलेल्या सरदाराचा हक्क सम्राटाच्या मर्जीवर. आमच्या भाषेत सांगायचं तर ओनरशिप नाही, फक्त ॲक्सेस. ॲडमिनने एक क्लिक केलं की संपलं.

याचा फायदा असा, की खालून वर येणं शक्य होतं. हाब्ते गियोर्गिस तरुणपणी मेनेलिकच्या मोहिमेत युद्धकैदी झाला होता. तोच पुढे 1907 मध्ये इथिओपियाचा युद्धमंत्री झाला. तो शेवटपर्यंत 'फितावरारी'च राहिला, पण कित्येक रास त्याच्यापुढे दबून असत. आणि 1926 मध्ये तो वारल्यावर काय झालं? त्याची फौज आणि जमिनी तफारीने ताब्यात घेतल्या. ॲक्सेस परत.

दजाझमाच बाल्चा साफोचंही तेच. तोही लहानपणी रणांगणावर सापडलेला मुलगा, मेनेलिकच्या दरबारात वाढला, 1896 मध्ये आदवाच्या लढाईत इटालियनांविरुद्ध तोफखान्यावर होता. मग दक्षिणेतल्या सिदामो प्रांताचा अधिकारी झाला. तफारीला तो जुमानत नव्हता. 1928 मध्ये त्याला राजधानीत बोलावलं, तर हा हजारो सैनिक घेऊन आला. तफारीने मेजवानीचं आमंत्रण दिलं. बाल्चा मोजके अंगरक्षक घेऊन महालात जेवायला बसला, आणि तिकडे रास कासाने त्याच्या तळावर जाऊन सैनिकांना पैसे वाटून घरी पाठवलं. बाल्चा परतला तेव्हा तळ रिकामा! एकही गोळी न झाडता एका दजाझमाचची सत्ता संपली.

आता मानचिन्हांकडे येऊ, कारण इथे मुंबईचा संबंध येतो.

1860 च्या दशकात सम्राट तेवोद्रोसने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. चिडून त्याने ब्रिटिश वकिलासकट युरोपियन लोकांना कैद केलं. मग ब्रिटिशांनी फौज पाठवली, आणि ती निघाली मुंबईहून. बॉम्बे आर्मीचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर, सुमारे 13,000 सैनिक आणि 44 हत्ती. एप्रिल 1868 मध्ये मग्दला पडलं. तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडली, आणि ते पिस्तूल व्हिक्टोरियानेच भेट दिलेलं होतं. त्याचा लहान मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला गेला आणि 1879 मध्ये तिथेच, वयाच्या अठराव्या वर्षी वारला. आणि नेपियर? त्याला सरदारकी मिळाली, 'मग्दलाचा बॅरन नेपियर'. इथिओपियाच्या एका डोंगराचं नाव ब्रिटिश पदवीत जाऊन बसलं, आणि ती वंशपरंपरागत.

या मोहिमेत नेपियरला वाट देणारा तिग्रायचा दजाझमाच कासा. बदल्यात त्याला ब्रिटिशांनी शस्त्रं दिली. चार वर्षांत, 1872 मध्ये, तो सम्राट योहान्नेस चौथा झाला. आणि याच योहान्नेसने 1874 मध्ये युरोपच्या धर्तीवर मानचिन्ह सुरू केलं, 'सॉलोमनची मुद्रा'. नाव सॉलोमनचं, कारण हे घराणं स्वतःला राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांच्या मुलाचे, पहिल्या मेनेलिकचे वंशज म्हणवायचं. इतिहासात या घराण्याची सत्ता 1270 पासून, येकुनो आमलाकपासून दिसते.

त्याआधी इथिओपियात मान द्यायची रीत वेगळी होती. सिंहाच्या आयाळीचा शिरोभूषण, मखमलीचा अंगरखा, चांदीने मढवलेली ढाल, सजवलेलं खोगीर. मग छातीवर लावायचा तारा आणि खांद्यावरची रेशमी पट्टी कशाला हवी होती? माझ्या मते उत्तर सरळ आहे. युरोपचे राजे एकमेकांना अशीच चिन्हं द्यायचे. देवाणघेवाण करायची तर तुमच्याकडेही द्यायला काहीतरी त्याच फॉरमॅटमध्ये हवं. ढाल पाठवली तर ती म्युझियममध्ये जाते, तारा पाठवला तर समोरचा राजा तो छातीवर लावतो, म्हणजे तुम्हाला बरोबरीचं मानतो. आफ्रिकेची वाटणी चालू असताना ही बरोबरी हौसेची गोष्ट नव्हती, जगण्याचा प्रश्न होता.

म्हणून पुढे रांगच लागली. 1880 च्या दशकात मेनेलिकने 'इथिओपियाचा तारा' सुरू केला. 1922 मध्ये 'शेबाची राणी', 1924 मध्ये 'दुसरा मेनेलिक', आणि 1930 मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने 'पवित्र त्रिमूर्ती', म्हणजे ख्रिस्ती ट्रिनिटी. हाइले सेलासी या नावाचा अर्थच 'त्रिमूर्तीची शक्ती'. मधल्या काळात, 1923 मध्ये, इथिओपिया राष्ट्रसंघाचा सभासदही झाला.

पण तारे तोफा अडवत नाहीत. ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीची फौज घुसली. सम्राटाचा जावई, तिग्रायचा दजाझमाच हाइले सेलासी गुग्सा, थेट इटलीला जाऊन मिळाला. तिग्रायचा सगळा कारभार आपल्याला मिळायला हवा होता, ही त्याची सल. इटलीने त्याला काय दिलं? 'रास' ही पदवी. आणि मे 1936 मध्ये इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएलने स्वतःला 'इथिओपियाचा सम्राट' जाहीर केलं. त्याच वर्षी, पदच्युत झालेला म्हातारा बाल्चा मात्र इटालियनांशी लढताना मारला गेला. पदवी हिसकावलेला माणूस देशासाठी मेला, आणि सम्राटाचा जावई पदवीसाठी फुटला. मला या सगळ्या इतिहासात हा विरोधाभास सर्वात जास्त टोचतो.

1941 मध्ये इटालियन हरले. एरिट्रियातल्या केरेनच्या अवघड लढाईत भारतीय डिव्हिजन होत्या, आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही. 5 मे 1941 ला हाइले सेलासी पुन्हा अदिस अबाबात आला.

आल्यावर त्याने व्यवस्थाच बदलली. प्रांताधिकारी आता पगारी नोकर, खासगी फौजा बंद. रास, दजाझमाच या पदव्या चालूच राहिल्या, पण त्यातली छावणी गेली. उरला मान आणि सम्राटाची मर्जी. 1954 मध्ये खुद्द ब्रिटनने त्याला आपलं सर्वोच्च मानचिन्ह, गार्टर, दिलं. योहान्नेसने 1874 मध्ये मांडलेला बरोबरीचा डाव जिंकला होता म्हणा ना.

घरात मात्र वेगळं चित्र होतं. सगळ्या वायरी एकाच माणसाशी जोडलेल्या. आमच्याकडे याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सम्राटाशिवाय स्वतःच्या पायावर उभं राहील असं ना सरदारांचं मंडळ तयार झालं, ना संसदेत जोर आला. 12 सप्टेंबर 1974 ला लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला महालातून एका फोक्सवॅगन बीटलमध्ये बसवून नेलं, आणि त्याला वाचवायला एकाही रासची फौज आली नाही. येणार कुठून? फौजा त्यानेच काढून घेतल्या होत्या.

23 नोव्हेंबर 1974 च्या रात्री सुमारे 60 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात त्सहाफे तेझाझ आक्लिलू हाब्ते-वोल्द होता, तेरा वर्षं पंतप्रधान राहिलेला. रास अस्राते कासा होता, बाल्चाचा तळ रिकामा करणाऱ्या रास कासाचा मुलगा. मार्च 1975 मध्ये ग्रामीण जमिनींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्याच महिन्यात राजेशाही रद्द झाली. ऑगस्टमध्ये सम्राट कैदेतच मेला.

शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर गुल्तवाल्या सरदारांसाठी रडायचं कारण नाही. सारा त्यांच्याच घामाचा होता. पण ज्यांनी पदव्या रद्द केल्या, त्यांनी पुढे 'लाल दहशत' आणली आणि त्यात हजारो माणसं मारली. पदव्या गेल्या, मर्जीवर जगणं मरणं तसंच राहिलं. फक्त मर्जी कोणाची ते बदललं.

म्हणून पदव्यांचा इतिहास वाचताना मी आता दोन प्रश्न विचारतो. हे पद कोण देतं, हा पहिला. आणि देणारा ते एका रात्रीत परत घेऊ शकतो का, हा दुसरा, जास्त महत्त्वाचा. हे प्रश्न आजच्या ऑफिसांना, पक्षांना, संस्थांनाही विचारून बघा. तुम्हाला काय उत्तरं मिळतात ते मला नक्की कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात.