लंडन–न्यूयॉर्क विमानप्रवास

लंडनचा हीथ्रो व न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांमधील हवाई अंतर, पृथ्वीच्या वक्र पृष्ठावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजल्यास, सुमारे ५,५५० किमी आहे. प्रवासाचा वेळ मात्र दिशेनुसार बदलतो. लंडनहून जाताना साधारण आठ तास, तर परतताना सुमारे सात तास लागतात. उत्तर अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हे त्याचे कारण होय. पश्चिमेकडे जाणारी विमाने तो टाळण्यासाठी प्रसंगी लांबचा मार्गही पत्करतात.

४ ऑक्टोबर १९५८ रोजी या मार्गावर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली. त्या दिवशी न्यूयॉर्कहून निघालेले कॉमेट ४ विमान ६ तास १२ मिनिटांत थेट लंडनला पोहोचले. उलट दिशेच्या विमानाला इंधनासाठी कॅनडातील गँडर येथे उतरावे लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या वेळी एका बोइंग ७४७ विमानाने न्यूयॉर्कहून लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीहून अधिक झाला होता. भोवतालच्या हवेच्या तुलनेत मात्र तो ध्वनीच्या वेगापेक्षा कमीच होता.

ध्वनीपेक्षा वेगवान असलेल्या काँकॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हेच अंतर २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापले. न्यूयॉर्कचे घड्याळ लंडनच्या साधारणपणे ५ तास मागे असल्याने, २००३ पर्यंत चाललेल्या या विमानाचे लंडनहून निघालेले प्रवासी स्थानिक वेळेनुसार निघण्यापूर्वीच पोहोचत असत.