धरणाचा दरवाजा आणि गिटारचा डबा

इतिहासात सनावळीला जे महत्त्व, तेच बँकेत व्हाउचरला. व्हाउचर नसेल तर पैसे दिलेच नाहीत आणि सन नसेल तर लढाई झालीच नाही, असं धरून चालायचं. अस्मादिक वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि गेली वीस वर्षं बँकेत कारकून. तेव्हा माझ्या रविवारच्या उद्योगाचा इतिहास सांगताना दोन व्हाउचरं आधीच टेबलावर ठेवतो. पहिलं १९०३ चं, दुसरं १९०४ चं.

१९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या इंजिनिअरनं आमच्या खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपले आपण उघडायचे, उतरलं की मिटायचे. भिंत न वाढवता साठा वाढला. त्यांनी या युक्तीचं पेटंट घेतलं, आणि तसे दरवाजे पुढे ग्वाल्हेरकडच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही गेले. हे गृहस्थ इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. माणूस जागेवर नसतानाही काम चाललं पाहिजे, ही गरज त्यांच्या ध्यानात तिथेच आली असावी.

१९०४ साली लंडनमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग या प्राध्यापकानं हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात एक तापणारी तार आणि एक धातूचा पत्रा बसवला. त्यातून वीज एकाच दिशेनं जायची, उलटी यायची तिला बंदी. पाण्याच्या पंपात एकतर्फी झडप असते तसाच हा प्रकार, म्हणून त्यानं तिला व्हॉल्व्ह म्हटलं. व्हॉल्व्ह म्हणजे झडपच. दोन-तीन वर्षांत अमेरिकेत ली द फॉरेस्टनं तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक जाळी घातली आणि झडपेला दारवान मिळाला. रेडिओ, लाउडस्पीकर, बोलपट हे सगळं त्या जाळीतून बाहेर आलं.

मी राहतो पहिल्या झडपेच्या शेजारी आणि रविवार घालवतो दुसरीच्या नादात. जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, त्यातही गिटारला लावायचे डबे, मी दुरुस्त करतो. याला धंदा म्हणता येत नाही, कारण बँकेच्या नोकराला जोडधंदा करायची मुभा नाही. म्हणून मी मजुरी धरणाच्या चौपाटीवरच्या कांदाभज्यांच्या रूपात घेतो. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या वाटेवर मोटारींची जी रांग लागते, तिच्यात एखाद्याच्या डिकीत माझं गिऱ्हाईक असतं. आमच्या सौ.च्या मते हा छंद बँकेला नाही, फक्त माझ्या पोटाला घातक आहे.

आता हा व्हॉल्व्ह करतो काय, हे मी बँकेच्या भाषेत सांगतो, कारण दुसरी मला येत नाही. एक तारखेला पेन्शन घ्यायला जमलेली मंडळी म्हणजे तापलेली तार. कॅशियरची खिडकी म्हणजे पत्रा. मध्ये दारात उभा असलेला आमचा शिपाई म्हणजे जाळी. शिपायानं भुवई जरा वर केली की दहा माणसं आत, जरा खाली आणली की सगळी जागच्या जागी. भुवई हलवायला जोर लागत नाही, पण तिच्या तालावर गर्दीची लाट खिडकीवर आदळते. गिटारच्या तारेतून निघणारी वीज त्या भुवईएवढी, आणि कर्ण्यातून बाहेर पडतो तो गर्दीचा जोर. धरणावर चावी फिरवणाऱ्याचं मनगट आणि खाली नदीला आलेला लोंढा, यांचं नातं हेच.

पुण्यात आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. १९५५ च्या रामनवमीला त्याच केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून माणसं ऐकायला बसत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्या हाराच्या मागे काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. मागे पाच-सहा व्हॉल्व्ह लाल होऊन तापत होते. अमेरिकेत पहिला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांचा सूर घरोघर पोचला तो फ्लेमिंगच्या झडपेतूनच. रेडिओ तापायला अर्धा मिनिट लागे, म्हणून जाणती मंडळी वेळेच्या आधीच बटण फिरवून ठेवत.

या तापण्यातच माझ्या थोरल्या काकांचं पोट होतं. जे तापतं ते कधीतरी जळतं. शनिवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्ह करणाऱ्यांनी एक प्रामाणिकपणा दाखवला होता, तो म्हणजे आपला माल मरणार हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं. म्हणून व्हॉल्व्हला डाग देत नाहीत. तो खोबणीत बसवलेला असतो, जुना ओढून काढा, नवा दाबून बसवा. बाकीचे भाग पत्र्याच्या पोटात असे ऐसपैस मांडलेले की टेस्टर, कथील आणि थोडा संयम एवढ्यावर कुणालाही ते बदलता यावेत.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. त्या दिवशी आधी पानशेतचं अर्धवट मातीचं धरण फुटलं, आणि त्याच्या लोंढ्यानं ऐंशीएक वर्षं उभं असलेलं आमचं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. काकांचं दुकान आढ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकांचे आणि स्वतःचे मिळून जेवढे रेडिओ चिखलातून सापडले, तेवढे त्यांनी गच्चीवर वाळत घातले. लाकडी पेट्या उकलल्या होत्या. स्पीकरचे कागदी कोन विरघळले होते. मेणकागदाचे कंडेन्सर कामातून गेले होते, ट्रान्सफॉर्मरच्या पोटात गाळ होता. शाबूत होते ते व्हॉल्व्ह, कारण काच बंद आणि आत मुळात काहीच नाही, हवासुद्धा नाही. काकांनी ते पुसले, पाय घासून स्वच्छ केले, आणि पुढे कित्येक महिने तेच व्हॉल्व्ह पेठेत पुन्हा बोलत होते. "धरणाची झडप गेली रे, माझी राहिली," असं ते म्हणायचे. म्हणताना हसायचे नाहीत. त्या पुरात त्यांची ओळखीची माणसं गेली होती.

ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा, पण आपल्याकडे तो घरोघर पोचेपर्यंत साठचं दशक आलं. मग तो कुणाच्या कानाला, कुणाच्या सायकलच्या दांड्याला, कुणाच्या बैलगाडीला लटकला. त्याला तापायला वेळ नको, मोठी वीज नको. रेडिओचं व्हॉल्व्हयुग हळूहळू आटोपलं. हिशेबानं पाहिलं तर खातं तिथेच बंद व्हायचं. ते उघडं राहिलं ते गिटारवाल्यांमुळे.

इथे मला आमच्या जातीचा, म्हणजे हिशेबनिसांच्या जातीचा, एक थोर पुरुष भेटतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला गृहस्थ अकाउंटन्सी शिकलेला. मंदीत नोकरी गेली तेव्हा १९३८ मध्ये त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक आपली वाद्यं आणि डबे दुरुस्तीला आणू लागले, आणि दुरुस्त करता करता हा स्वतःच डबे आणि गिटारी बनवू लागला. गिटार वाजवायला मात्र तो जन्मभर शिकला नाही. मीही शिकलेलो नाही. आमच्यातलं साम्य इथेच संपतं, पण तेवढं मला पुरतं. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमवाल्याच्या दुकानात केन ब्रॅन या दुरुस्ती करणाऱ्यानं फेंडरचा 'बासमन' नावाचा डबा समोर ठेवून तिकडच्या मिळेल त्या भागांनी आणखी एक डबा केला. १९६२ चा तो मार्शल. म्हणजे जगातले दोन सर्वांत गाजलेले गिटारचे आवाज दुरुस्तीच्या टेबलावर जन्मले.

आता गंमत पाहा. काकांच्या दुकानात 'आवाज फाटतो' ही तक्रार होती. गिटारवाल्याला तोच माल हवा असतो. शिपायाची भुवई फारच उडायला लागली की खिडकीची ताकद संपते. अशा वेळी ट्रान्झिस्टरचा कॅशियर धाडकन 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावतो आणि आवाजाचा माथा सुरीनं कापल्यासारखा उडतो. व्हॉल्व्हचा कॅशियर जुन्या वळणाचा. तो 'होईल हो, होईल' म्हणत हळूहळू हात आखडता घेतो. आवाज गोलाईनं दबतो, जाड होतो, त्याला एक खरखरीत गोडी येते. सर्दी झालेल्या चांगल्या गवयासारखी. या एका सर्दीसाठी सबंध जग आजही व्हॉल्व्ह बनवतं. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाची निर्यात अडली, तेव्हा तिकडच्या रणगाड्यांची चिंता करणाऱ्यांत गिटारवालेही होते.

मागच्या पावसाळ्यात धायरीहून एक मुलगा आणि त्याचे वडील असे दोघे एक लोखंडी डबा घेऊन आले. मुलाच्या आजोबांचा मांडव आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय होता, त्यातला हा शेवटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर. वडिलांनी भंगारवाल्याशी बोलणं केलं होतं. अशा डब्याला भंगारात भाव असतो तो ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा. पेटी लाकडी असेल तर ती दिवाणखान्यात शोभेला जाते, आत नव्या जमान्याचा मोबाइलवर चालणारा स्पीकर बसतो. मुलाला मात्र त्यावर गिटार वाजवायची होती.

"काका, ट्यूब चांगल्या आहेत का बघा ना."

वडील म्हणाले, "ट्यूब कशाला, आता सगळीकडे एलईडी आहे."

यावरून पिढी ओळखावी. इंग्रजांचं ऐकून आमचे मेकॅनिक व्हॉल्व्ह म्हणत, अमेरिकेचं ऐकून आजची मुलं ट्यूब म्हणतात, आणि मधल्या पिढीला ट्यूब म्हटलं की छतावरचीच आठवते.

डबा उघडायच्या आधी मी मुलाला काकांचा पहिला पाठ दिला. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट टपून बसलेले असतात, म्हणून आधी रेझिस्टन्स लावून ते उतरवायचे, मीटरनं खात्री करायची आणि चालू डब्यात बोट घालायची वेळ आलीच तर दुसरा हात खिशात. दोन्ही हात आत असले तर वीज छातीतून जाते. बँकेत चुकलं तर चौकशी होते, इथे तेराव्याचं जेवण होतं. दुसरा पाठ, डबा थेट प्लगला लावायचा नाही, मध्ये शंभर वॉटचा बल्ब सीरिजमध्ये टाकायचा. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पेटून मंद झाला तर देवाची कृपा. तिसरा पाठ, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग तांब्याचा भावच उरतो.

बल्ब मंद झाला. कंडेन्सर वाळले होते, म्हणून नुसती घूं ऐकू येत होती. ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणून बदलले. पेन्सिलीनं टिचक्या मारून पाहिल्यावर एक व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजला, तो बदलला. माइकच्या जागी गिटारची खोबण बसवली. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मुलानं तार छेडली आणि आवाज पुरता ताणला.

वडील म्हणाले, "खराब झालाय. फाटतोय."

मुलगा म्हणाला, "बाबा, हेच हवं होतं."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गणपतीत आमचे अण्णा मिरवणुकीच्या शेवटी आवाज असाच मोठा करायचे. लोक ओरडायचे, कमी करा म्हणून." भंगारवाल्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

झाकण लावताना मी आतल्या पत्र्यावर उजेड पाडून दाखवला. तिथे जुन्या मेकॅनिकनं पेन्सिलीनं तीन तारखा लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे काय बदललं ते दोन शब्दांत. नाव नव्हतं. काकांच्या पिढीचे मेकॅनिक नाव लिहीत नसत, पण नोंद ठेवत. पुढे उघडणाऱ्याला ती उपयोगी पडावी, एवढाच हेतू. मी चौथी तारीख लिहिली आणि 'कंडेन्सर, एक व्हॉल्व्ह' असं पुढे टाकलं. बँकेत असतो तर सवयीनं खाली रेघ मारून खातं बंद केलं असतं. इथे पेन्सिल मुलाच्या हातात दिली आणि पुढच्या वेळी बल्ब त्यानंच लावायचा असं ठरवलं.

मजुरीची भजी वडिलांनी दिली. दोन प्लेट. पावती मागितली नाही, व्हाउचरही केलं नाही.