छत्तीसचा आकडा

वाचकहो, दोघांचे पटत नसले की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले! सुनील गावसकर आणि मर्यादित षटकांचे क्रिकेट यांचे नाते असेच सुरू झाले.

७ जून १९७५. लंडनचे लॉर्ड्स मैदान, पहिल्या विश्वचषकाचा पहिलाच दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. मग गावसकर सलामीला आले आणि शेवटपर्यंत बाद झालेच नाहीत. पण धावा किती केल्या म्हणाल? १७४ चेंडूंत छत्तीस! भारत २०२ धावांनी हरला. कसोटीत गडी टिकला की निम्मी लढाई जिंकली. इथे चेंडू मोजून मिळतात, आणि वाया गेलेला चेंडू परत येत नाही. तिथला गुण तो इथे दोष ठरला.

पुढे १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला. संघात गावसकर होते, पण त्यांची बॅट चालली नाही. १९८५ साली मात्र त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने मेलबर्नला पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. शतक तेवढे राहिले होते.

ते आले ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, आपल्या नागपुरात. विश्वचषकाचाच सामना. न्यूझीलंडच्या धावा ९ बाद २२१. चेतन शर्मांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. गटात पहिले येऊन उपान्त्य सामना मुंबईस खेळायचा, तर भारताला झटपट जिंकणे भाग होते. गावसकरांच्या अंगात ताप होता, वय ३८. तरी त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, आणि तेहतिसाव्या षटकातच सामना संपला. हा त्यांचा १०७ वा एकदिवसीय सामना आणि हे पहिले शतक!

दुसरे झाले नाही. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर ते ४ धावांवर बाद झाले, भारत इंग्लंडकडून हरला आणि कारकीर्द तिथेच संपली. १०८ सामने, ३०९२ धावा, शतक एक.

गुरुजनहो, कसोटीत दहा हजार धावा सर्वांत आधी करणाऱ्या या फलंदाजालाही दुसरा धडा गिरवायला बारा वर्षे लागली. एखादा मुलगा पहिल्या परीक्षेत मागे पडला, तर त्याला लॉर्ड्सची गोष्ट जरूर सांगा. पण नागपूरची सांगितल्याशिवाय तास संपवू नका.