तिखट कुणाचं?

परदेशी गेल्यावर आपली माणसं दोन पंथांत विभागली जातात. एक, लाडू-चिवडा-लोणच्याची पिशवी छातीशी धरून फिरणारी आणि दुसरी, "इथलं काय असेल ते खाऊ" म्हणणारी. मी दुसऱ्या पंथातली. (पहिल्या पंथातल्या आत्यांनी रागावू नये, तुमचे लाडू मी प्रवासभर मुकाट्याने संपवलेले आहेत!) चीनमध्ये, त्यातही सिचुआन प्रांतात, मी मनसोक्त जेवले. पण जेवता जेवता "इथलं" म्हणजे नेमकं काय, असा किडा डोक्यात शिरला आणि परत आल्यावर त्यामागे बरंच वाचन झालं. आज त्याविषयी.

आधी आपल्या गाड्यांवरच्या शेजवानबद्दल. शेजवान हे सिचुआनचंच जुन्या इंग्रजी वळणाने आलेलं नाव. आपली लसूण-मिरचीची लालभडक चटणी मात्र सिचुआनची राजधानी चेंगडूमध्ये कुणी ओळखणार नाही. तिथल्या जेवणात दोन गोष्टी हातात हात घालून येतात: जाळणारी मिरची आणि जीभ बधिर करणारं 'ह्वाज्याव'. हे ह्वाज्याव तोंडात टाकलं आणि मी चमकलेच, कारण हे तर आपलं तिरफळ! अगदी तेच नव्हे, पण एकाच वनस्पती-कुळातली ही सख्खी चुलत भावंडं. आपण बांगड्याच्या आमटीत तिरफळं टाकताना आतली काळी बी काढून टाकतो आणि साल तेवढी ठेवतो. तेही नेमकं हेच करतात.

यातलं ह्वाज्याव खरोखर तिथलं, अगदी जुनं. दोन हजार वर्षांपूर्वी हान राजवटीत महाराणीच्या महालाच्या भिंतींच्या गिलाव्यात ते मिसळत असत, कारण वास चांगला आणि घोसाने फळं लागत असल्याने वंशवृद्धीचं शुभचिन्ह. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात सिचुआनच्या लोकांना झणझणीत, वासाचं खाणं आवडतं अशी नोंद आहे. म्हणजे चौथ्या शतकातही ही मंडळी 'तिखट खाणारी' म्हणून प्रसिद्ध होती, आणि मिरची यायला अजून हजार-बाराशे वर्षं अवकाश होता!

मिरची मूळची अमेरिकेची. १४९२ नंतर ती जहाजांतून जगभर फिरली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली हे शाळेत शिकलोच आहोत. चीनमधली तिची पहिली माहीत असलेली नोंद १५९१ सालची, हांगचौच्या काव लियेन नावाच्या लेखकाची. पांढरी फुलं, झिजलेल्या कुंचल्याच्या टोकासारखं फळ, चव तिखट, रंग लाल, दिसायला छान, असं तो लिहितो. थोडक्यात, शोभेचं झाड.

मग शोभेच्या कुंडीतून ती कढईत कशी गेली? इथे गोष्ट गंभीर होते. सिचुआनच्या शेजारी क्वेईचौ हा डोंगराळ प्रांत. तिथे मीठ पिकत नाही, बाहेरून आणायचं तर महाग. तिथल्या एका जिल्ह्याच्या १७२२ सालच्या दप्तरात लिहिलंय की स्थानिक लोक आणि म्याव आदिवासी मिठाऐवजी मिरची वापरतात. अळणी भात गिळता यावा म्हणून मिरची! हे वाचलं आणि आपल्याकडची मिरची-भाकरी आठवली. आपण हुरड्याच्या सहलीत ठेचा भाकरी हौसेने खातो, पण ज्यांचं ते रोजचं जेवण होतं त्यांच्याकडे दुसरं कालवण नव्हतं, हे सोयीस्कर विसरतो.

सिचुआनची कथा तर याहून दुःखाची. १६४४ साली चांग शियेनचुंग या बंडखोराने चेंगडू घेतलं. त्याच्या काळातल्या कत्तली, मग अनेक वर्षांच्या लढाया, दुष्काळ, साथी... प्रांत ओस पडला. पुढे छिंग बादशहांनी जमीन आणि करमाफी देऊन बाहेरच्यांना तिथे वसवलं. हूपे, हूनान, क्वांगतुंग, फूच्येन अशा प्रांतांतून शंभर-सव्वाशे वर्षं माणसं येत राहिली. आजच्या सिचुआनी लोकांतल्या बहुतेकांचे पूर्वज हेच. मिरचीने या प्रांतात मूळ धरलं ते याच काळात. म्हणजे खाणारेही नवे, मिरचीही नवी. जुनी होती ती जमीन, तिथलं ह्वाज्याव आणि झणझणीत खायची खोड!

चेंगडूचा मानबिंदू म्हणजे मापो तोफू. १८६२च्या सुमारास एका पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती, तेलाची ओझी वाहणारे हमाल तिथे जेवायला थांबत आणि तोंडावर देवीचे वण असलेली मालकीण त्यांना हे रांधून घाली, अशी कथा सांगतात. मापो म्हणजे 'वण असलेली बाई'. मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो, मी तो वगळायला सांगितला. (आजी, नीट वाच, वगळायला!) तोफू चीनचं, मिरची अमेरिकेची, तिच्याबरोबर आंबवलेल्या मसाल्यातला बाकला पश्चिम आशियाकडचा, आणि ह्वाज्याव घरचं. तरीही हे चेंगडूचंच, यात मला तिळमात्र शंका नाही.

भाषा तर याहून मजेची. आपण जुन्या 'मिरी'वरून नवागत फळाला 'मिरची' म्हटलं. चिनी लोकांनीही आपल्या जुन्या 'ज्याव'लाच पुढे शब्द जोडला, आणि सिचुआनमध्ये आजही मिरचीला 'हायज्याव', म्हणजे 'समुद्रापलीकडचं ज्याव' म्हणतात. आपण मात्र ती कुठून आली हे नावातून पुसूनच टाकलं.

एखादा पदार्थ आपला कधी होतो? झाड कुठे उगवलं यावरून नव्हे, तर अडचणीच्या दिवसांत कुणी तो खाऊन दिवस काढले यावरून, असं मला आता वाटतं. "अस्सल मराठमोळं" यावर घरात पुढचा वाद होईल तेव्हा मी हेच सांगणार आहे.

आणि मामी, या वर्षीची तिरफळं उरली असतील तर मूठभर बाजूला ठेवा. मापो तोफूत घालून बघायची आहेत.