हौशी फुटबॉल साखळी, कनिष्ठ श्रेणींतील
वेतनाची अपेक्षा न ठेवता खेळणाऱ्या संघांची गुणवत्तेनुसार श्रेणींत विभागणी करून, एका हंगामात प्रत्येक संघाची स्वश्रेणीतील इतर संघांशी गाठ घालून देणारी स्पर्धाव्यवस्था. इंग्लंडमध्ये 1888 साली व्यावसायिक संघांसाठी सुरू झालेल्या साखळीला 1892 मध्ये दुसरी श्रेणी जोडली गेली आणि पुढे बढती-अवनतीचे, म्हणजे संघांनी कामगिरीनुसार वरच्या वा खालच्या श्रेणीत जाण्याचे, तत्त्व अनेक देशांत रूढ झाले.

मराठी मुलखात या व्यवस्थेचे सर्वांत जिवंत रूप कोल्हापुरात आढळते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही संघनामेच साक्ष देतात की, कुस्तीच्या आखाड्याभोवती एकवटलेल्या पेठांनीच हा परकी खेळ आपलासा केला. आणि म्हणूनच तेथील सामन्याला, मग तो खालच्या श्रेणीचा का असेना, पेठेच्या अब्रूचे मोल प्राप्त होते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था शाहू स्टेडियमवर साखळी भरविते. खेळाडूंची नोंदणी, पंचांची नेमणूक, शिस्तभंगाचा निवाडा हा सारा कारभार अशा संघटनेच्या अखत्यारीत असतो. विजयास तीन व बरोबरीस एक गुण मिळतो. गुण समान झाल्यास बहुधा गोलफरक पाहिला जातो. कनिष्ठ श्रेणींचा खरा आधार मात्र वर्गणी, देणगीदार आणि विनामोबदला राबणारे कार्यकर्ते हाच होय. त्यांच्या श्रमांची नोंद क्वचितच घेतली जाते, हे अन्यायाचे आहे.

अशा संघटनांच्या कक्षा राज्यांच्या सीमांनुसार ठरतात. हुबळी-धारवाड 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होते. आज तेथील फुटबॉल कर्नाटक राज्य संघटनेच्या, तर कोल्हापूरचा महाराष्ट्राच्या संघटनेच्या कक्षेत येतो.