बोधनिक कार्यविश्लेषण

बोधनिक कार्यविश्लेषण, म्हणजेच कॉग्निटिव्ह वर्क अ‍ॅनालिसिस, ही गुंतागुंतीच्या व्यवस्थेत माणसाला कराव्या लागणाऱ्या विचारकामाचा अभ्यास करण्याची मानवी घटक अभियांत्रिकीतील एक पद्धत आहे. काम कोणत्या क्रमाने करावे हे ती ठरवून देत नाही. कोणत्या मर्यादांच्या आत ते करणे शक्य आहे, हे दाखवते.

इतिहास

या पद्धतीचा पाया डेन्मार्कमधील रिसो राष्ट्रीय प्रयोगशाळेत येन्स रासमुसेन (१९२६–२०१८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. रचनाकारांनी न कल्पिलेला प्रसंग उद्भवला की लिहून दिलेली कार्यपद्धती अपुरी पडते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. किम व्हिसेंटे यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पद्धतीची पाच टप्प्यांत मांडणी केली.

टप्पे

१. कार्यक्षेत्र विश्लेषण : व्यवस्थेचा हेतू, निकष, कार्ये आणि साधने यांचा परस्परसंबंध.
२. नियंत्रण कार्य विश्लेषण : कोणते निर्णय घ्यावे लागतात.
३. कार्यनीती विश्लेषण : ते निर्णय कोणकोणत्या रीतींनी घेता येतात.
४. सामाजिक संघटन व सहकार्य विश्लेषण : कामाची वाटणी माणसांमध्ये, तसेच माणूस व यंत्र यांच्यात कशी होते.
५. कर्मचारी क्षमता विश्लेषण : त्यासाठी कोणते कौशल्य, नियम व ज्ञान लागते.

उदाहरण

एकेरी लोहमार्गावरील स्थानकाच्या कामावरून ही पद्धत समजून घेता येते. बीड जिल्ह्यातील घाटनांदूर हे परळी वैजनाथ–विकाराबाद मार्गावरील असे एक स्थानक आहे. गाड्या सुरक्षितपणे व वेळेवर पुढे जाणे, हा तेथील कामाचा हेतू होय. दोन स्थानकांमधील खंडात एका वेळी एकच गाडी असावी, ही मूलभूत मर्यादा आहे. पुढील स्थानकाकडून लाइन क्लिअर घेणे आणि समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचे क्रॉसिंग घडवणे ही कार्ये, तर सिग्नल, सांधे व ब्लॉक उपकरण ही साधने आहेत. एखादी गाडी उशिरा धावत असल्यास क्रॉसिंग कोणत्या स्थानकावर करावे, याचे एकापेक्षा अधिक पर्याय असतात. मूलभूत मर्यादा मात्र बदलत नाही. म्हणून अशा कामासाठी पडदा किंवा फलक तयार करताना केवळ नेहमीचा क्रम दाखवून भागत नाही. खंड मोकळा आहे की नाही, हे प्रत्येक पर्यायात स्पष्ट दिसावे लागते.

व्यवहारातील वापर

पाचही टप्पे पूर्ण करण्यास बराच वेळ लागतो आणि तयार होणाऱ्या आकृत्यांमधून प्रत्यक्ष रचना आपोआप निघत नाही, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहे. त्यावर उपाय म्हणून रचना-गटाला कोणता निर्णय घ्यायचा आहे हे आधी ठरवून आवश्यक तेवढेच टप्पे केले जातात. माहितीचा पडदा बनवायचा असल्यास पहिल्या दोन टप्प्यांवर भर देता येतो. मनुष्यबळाची वाटणी ठरवायची असल्यास चौथा टप्पा महत्त्वाचा ठरतो. आकृतीतील प्रत्येक मर्यादेपुढे तिच्यातून निघणारी रचनेची गरज लिहिल्यास अभियंत्यांनाही तिचा उपयोग होतो.

ऑस्ट्रेलियात नीलम नायकर व सहकाऱ्यांनी हवाई पूर्वसूचना व नियंत्रण विमानाच्या खरेदीत या पद्धतीचा उपयोग केला. पेनेलोपी सँडरसन यांच्यासह त्यांनी स्पर्धक आराखड्यांच्या मूल्यमापनासाठी कार्यक्षेत्र विश्लेषण वापरले. पुढे याच विमानाच्या चमूची रचना ठरवताना केवळ सुरुवातीचे टप्पे वापरून, कल्पित प्रसंग कागदावर तपासण्यात आले. विमान अस्तित्वात नसल्याने प्रचलित कामाचे निरीक्षण करणे शक्यच नव्हते.

मर्यादा

टप्पे कमी करता येत असले, तरी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी चर्चा वगळल्यास विश्लेषण केवळ नियमपुस्तिकेची आकृती बनून राहण्याचा धोका असतो. तसेच एकाच व्यवस्थेचे दोन विश्लेषकांनी केलेले आराखडे वेगळे असू शकतात. त्यामुळे ते कर्मचाऱ्यांकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

एर्गोनॉमिक्स
बोधनिक मानसशास्त्र